देवाचा एकच घास

तुपात कुस्करलेल्या रोडग्याचा वास आला की अणदूरचा एक रविवार आठवतो. एका धनगराने मला आपल्याकडच्या दांडग्या जातीचे पिल्लू दिले होते. गावात कुत्रे म्हणजे खंडोबाचे. त्यामुळे दर रविवारी घरोघरचा तूप-रोडग्याचा नैवेद्य त्याच्यापुढे येई. पिल्लू फुगले आणि भाराने त्याचे पुढचे पाय फाकू लागले. धनगराने बजावले, "मास्तर, आंग उतरवा ह्याचं, न्हायतर जन्माचं लंगडं हुईल." वर्गाबाहेर तोंड न उघडणारा मी त्या रविवारी दारात उभा राहिलो. शेजारच्या वृद्ध काकू ताट घेऊन आल्या. "काकू, देवाचा एकच घास द्या," मी म्हणालो. "खंडोबाच्या कुत्र्याला उपाशी मारता व्हय, मास्तर?" त्या कडाडल्या. मी हटलो नाही. पिल्लाचे पाय दाखवले. काकूंनी त्यांवरून हात फिरवला, एक घास भरवला, ताट झाकले आणि मागून येणाऱ्या बायकांना दटावले, "एकच घास गं, लई न्हाय!" पावसाळा सरेपर्यंत पिल्लू सरळ पायांनी शेळ्यांमागे धावू लागले. उतारवयात प्रथमच लिहायला बसलो आहे. स्वतःविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे, पण दारातले ते एक वाक्य मी न लाजता सांगतो.