वासंतीकाकूंची रीत

परप्रांतातल्या बनी पार्क वस्तीतल्या मराठी मंडळींत वासंतीकाकूंना कोणी फारसं मनावर घेत नाही. नवरा रेल्वेतून निवृत्त झाला, काकूंची जीभ अजून नोकरीत आहे. कोणाच्या घरी काय शिजतंय ते त्यांना कुकरच्या आधी कळतं.

शेजारच्या सुरुचीला दिवस गेले आणि तिच्या घरातली फरशी निसरडी झाली, हेही त्यांनाच आधी कळलं. पोर एकदा बाथरूममध्ये पडली, एकदा स्वयंपाकघरात. फरशी मोठी हुशार! संग्राम घरी असला की मगच निसरडी व्हायची.

संग्राम म्हणजे विम्यातला साहेब, रीतीभातीचा भोक्ता. बायकोला बाळंतपणाला माहेरी पाठवणार नव्हता. "मी आहे ना काळजी घ्यायला!" घेतही होता, भिंतीपलीकडे ऐकू येईल इतकी. मग काकू वाटी घेऊन बेल वाजवायच्या.

"रोज कशी हो संपते तुमची साखर?"

"शेजार इतका गोड ना, संग्रामराव, सवय लागली."

पण वाटीभर साखरेने मार थांबायचा तो तेवढ्यापुरताच.

सातव्यात संग्रामने डोहाळजेवण थाटात केलं. झोपाळा, फुलांचे दागिने, फोटोग्राफर, वर ऑफिसचे मोठे साहेब सपत्नीक. अकोल्याहून सुरुचीची आई, लताबाई आल्या. त्या हिरव्या बांगड्या चढवायला बसल्या, तर मनगट सुजलेलं.

"पायावर, हातावर सूज येतेच सातव्यात," संग्राम म्हणाला.

"एकाच हातावर?" काकूंनी निरागसपणे विचारलं.

लताबाईंच्या हातातली बांगडी तशीच राहिली.

काकू ओटी भरायला वाकल्या तेव्हा सुरुची कुजबुजली, "काकू, मला आईबरोबर जायचंय. आजच."

काकू ताठ झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चला, ओटी भरली! आता पोर इथून उठणार ती थेट माहेरी. रीतच आहे!"

"अशी कुठली रीत?" संग्रामने विचारलं.

"अगंबाई! तुमच्यासारख्या संस्कारी घरात ठाऊक नाही?"

जमलेल्या बायकांनी बांगडीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि एकेकीच्या आजीने ही रीत पाळल्याचं निघू लागलं. साहेबांची बायकोही मान डोलावत म्हणाली, "बिल्कुल, हमारे यहाँ भी यही है." साहेबांसमोर संग्राम काय बोलणार? त्याने स्वतःच बॅग गाडीत ठेवली. त्याचा फोटो छान आला.

स्टेशनवर खिडकीतून सुरुचीने विचारलं, "काकू, ही रीत कधीपर्यंत पाळायची असते?"

"तुला वाटेल तोवर," काकू म्हणाल्या. "आजच तर काढलीय. अजून मोडायची कशी ते ठरवलेलं नाही."