ओल्या पुस्तकांचे तीन दिवस

नारायणगुड्यातला बाइंडिंगचा कारखाना त्रिवेणीबाई वडिलांच्या पश्चात एकवीस वर्षं सांभाळत होत्या. ऑगस्टातल्या एका मंगळवारी पहाटे मीटरपाशी ठिणगी उडाली आणि कागदाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. बंबवाल्यांनी तासाभरात आग विझवली. पुढची बाजू यंत्रांसकट गेली. मागच्या फळ्यांवरची गिऱ्हाइकांची पुस्तकं जळली नाहीत, पण चिंब भिजली.

विमा होता. दुपारी नुकसान पाहणाऱ्या सर्व्हेअरचा, कुलदीपचा फोन आला. "मैं आए तक कुछ नक्को हिलाओ, अम्मा. परसों आतूं."

परवा म्हणजे गुरुवार. त्रिवेणीबाई दारात स्टुलावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. भिजलेला कागद या हवेत तिसऱ्या दिवशी बुरसतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हात लावावा तर दावा अडायचा, न लावावा तर पुस्तकं सडायची.

बहीण केतकी म्हणाली, "ताई, आधी तुझं बघ. लोकांचं नंतर."

"माझ्याकडे लोकांचंच तर होतं," त्या म्हणाल्या.

बुधवारी सकाळी त्यांना राहवलं नाही. शेजारचे चपलांचे दुकानदार महबूबभाई यांना साक्षीला बोलावलं. फळीफळीचे फोटो काढले, कुठलं पुस्तक कुठून उचललं ते वहीत लिहिलं, खाली महबूबभाईंची सही घेतली आणि मगच हात घातला. महबूबभाईंच्या गोदामात दोन पंखे लावून पानापानांत जुनी वर्तमानपत्रं सारली. ती भिजली की बदलायची. दिवसभर त्या खाली टेकल्या नाहीत.

गुरुवारी कुलदीप आला आणि रिकाम्या फळ्या बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "किसने बोले निकालने कू?"

त्रिवेणीबाईंनी वही आणि फोन पुढे केला. त्यानं उभ्याउभ्या सगळं तपासलं, तोवर त्या आत-बाहेर करत राहिल्या.

"नुकसान बढ़ने नहीं देना, वो भी पॉलिसी में लिखा रहता," तो अखेर म्हणाला. "लेकिन लोगां की किताबां इसमें नहीं हैं, अम्मा."

दरवर्षी एजंट कागद आणून देई आणि त्या वर न बघता सही करत. पॉलिसीत यंत्रं होती, कच्चा माल होता. दुसऱ्याच्या वस्तूंचं कलम नव्हतं.

त्रेपन्न पुस्तकांपैकी चव्वेचाळीस वाचली. उरलेली नऊ घेऊन त्या स्वतः घरोघरी गेल्या. काचीगुड्याला सावित्रीबाईंकडे जाताना मात्र गल्लीच्या तोंडावरून दोनदा परतल्या. त्यांनी बांधायला दिलेली वही म्हणजे दिवंगत यजमानांनी जन्मभर जमवलेले तेलुगू-मराठी शब्द. शाई सगळीकडे फुटली होती.

सावित्रीबाईंनी दोन पानं उलटली. "तुझ्याकडे दिली नसती तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या. त्रिवेणीबाईंनी मान खाली घातली.

चार महिन्यांनी यंत्रांचे पैसे काटछाट होऊन आले आणि कारखाना सुरू झाला. नव्या पॉलिसीत गिऱ्हाइकांच्या मालाचं कलम घालून घेतलं, तेही एजंटला समोर बसवून, ओळ न् ओळ वाचून.

मग एके दिवशी सावित्रीबाईंचाच फोन आला. "जमेल तेवढं नव्या वहीत उतरवतेय. पण अक्षर लागत नाही गं. रविवारी येशील?"

तेव्हापासून त्या दर रविवारी जातात. भिंग घेऊन दोघी पानावर वाकतात. न लागलेल्या शब्दापुरती जागा कोरी सोडून पुढे सरकतात. मधेच त्रिवेणीबाई उठतात, कारखान्याच्या शेजाऱ्याला फोन लावतात आणि विचारतात, "महबूबभाई, जरा मीटर देख लेते क्या?"