सात पंचवीसचा पंखा

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. फ्रीजमध्ये उरल्यासुरल्याचे डबे साठतात तसे ते साठत जातात आणि पाहुणे आले की बाहेर निघतात. इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावच्या मराठी ग्रुपमध्ये प्रत्येकाकडे व्हिसाचा एक, रखडलेल्या ट्रेनचा एक आणि पहिल्या स्नोचा एक किस्सा असतोच. आमच्या घरी मात्र बाथरूमच्या पंख्याचे आहेत. हसू नका. आणि त्या सगळ्यांत हिरो एकच, माझे सासरे.

*

सुरुवात आमच्याच शहाणपणापासून करते. आम्ही भाड्याचं घर घेतलं तेव्हा बाथरूमचा लाइट लावला की छताजवळचा पंखा घरघरायला लागायचा. बरं, लाइट बंद केला तरी हा पठ्ठ्या पंधरा मिनिटं फिरतच राहायचा. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, नागपूरचा आणि मी पुण्याची. गाव कुठलंही असो, खोलीतून बाहेर पडताना बटणं बंद करायची हे दोघांच्याही हाडीमाशी भिनलेलं. दाराबाहेर चौकटीच्या वर पंख्याचं एक बटण होतं. मिलिंदने खुर्चीवर चढून ते बंद केलं आणि प्रश्न सुटला म्हणून हात झटकले.

जानेवारीपर्यंत बाथरूमचं छत बुरशीने काळं पडलं. मी दर शनिवारी तोंडाला रुमाल बांधून ब्लीचने घासत होते आणि इंग्लंडच्या हवेला शिव्या घालत होते. पुढे कळलं की ग्रुपमधल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी खुर्चीवर चढलेलं होतं. इंजिनिअर सगळेच, बरं का.

*

मग बाबा आले. नागपूरला वीज खात्यात उभी हयात काढलेले, फोरमन म्हणून रिटायर झालेले. आदल्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, घरात कुणी नव्हतं, आणि सापडल्या तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर बाबा फार बोलेनासे झाले, म्हणून मिलिंदने हट्टाने सहा महिन्यांसाठी बोलावलं.

आल्या आल्या हातपाय धुवायला गेले ते लवकर बाहेरच येईनात. आले ते छताकडे बोट करत. खुर्ची मागवली, बटण चालू केलं आणि टिश्यूचा एक तुकडा पंख्याच्या जाळीला लावला. तो चिकटून राहायला हवा होता. गळून पडला. मी म्हटलं, बिघडलाय वाटतं. बाबांनी खाली वाकून दाराच्या फटीत मी गारठा अडवायला खुपसलेला टॉवेल काढला आणि दुसरा टिश्यू लावला. चिकटला!

"हवा आतच येऊन नाही राहिली, तर पंखा बाहेर काय टाकीन?" एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

दोन वर्षं ब्लीच घासणारी मी तो टॉवेल हातात घेऊन उभी होते. मनातल्या मनात त्या क्षणी नमस्कार केला त्यांना.

*

ही बातमी ग्रुपमध्ये पसरायला घरटी एकेक पदार्थ आणायचं एक पॉटलक पुरलं. दर रविवारी बाबांना कुठून तरी बोलावणं. खिशात टेस्टर, डोक्याला मफलर, निघाले.

ग्रुपमधल्या प्रसादचा किस्सा तर विचारूच नका. त्याच्या फ्लॅटमधला पंखा ओल ओळखून आपोआप चालू-बंद होणारा. तो चार दिवस बंदच होईना. प्रसादने फ्लॅट भाड्याने देणाऱ्या एजन्सीला तीन ईमेल टाकले, तिसऱ्याची भाषा कायदेशीर होती. बाबा गेले, दार उघडलं, आणि आत पाहतात तर टबवर आडव्यातिडव्या दोऱ्या आणि त्यावर अख्ख्या कुटुंबाचे पिळून टाकलेले कपडे. बाबांनी टेस्टर खिशातून काढलाही नाही. कपडे बाहेर न्यायला लावले, पोहे खाल्ले, टीव्हीवर बातम्या पाहिल्या. तासाभराने पंखा आपला आपण थांबला.

"त्याले काही झालं नाही. तो आपलं काम करून राहिला," बाबा म्हणाले. प्रसादने एजन्सीला चौथा ईमेल टाकला, त्याची भाषा फारच नम्र होती.

*

आता मॉरीन. शेजारच्या घरात एकटी राहायची, ऐंशीच्या पुढची. आमची आणि तिची बाथरूम एकाच भिंतीला लागून. तिनेही पंखा बंद करून टाकला होता, आवाज फार करतो म्हणून. तिचा मुलगा कीथ महिन्यातून एकदा क्रॉयडनहून यायचा. त्याने तिचं काळं छत पाहिलं आणि पुढच्या खेपेला केअर होमचं माहितीपत्रक घेऊन आला. तुला आता घर झेपत नाही मम, म्हणाला. हे मॉरीनने मला कुंपणाशी सांगितलं. "मला ह्या घरातून जायचं नाहीये, डिअर," ती म्हणाली. चाळीस वर्षांचा संसार त्या घरात झाला होता तिचा.

मी बाबांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मिलिंदला घेऊन ते तिच्याकडे गेले. वरचं बटण बंदच आहे ना ते पाहून पंख्याचं झाकण काढलं, तर आत गालिच्यासारखी जाड धूळ. ती साफ केली, छत पुसलं, पंखा चालू करून दिला, खिडकी किती उघडी ठेवायची ते खुणांनी दाखवलं. झाकणाखाली एक छोटा स्क्रू असतो, लाइट बंद केल्यावर पंखा किती वेळ चालायचा ते त्याने ठरतं. सगळ्यांकडे बाबांनी पंधरा मिनिटं ठेवली होती. मॉरीनकडे पाचच. मी विचारलं, सगळ्यात जास्त ओल तिच्याकडे आणि वेळ सगळ्यात कमी, असं का? "असू दे," म्हणाले.

तेव्हापासून बाबांना एक नवीनच खोड लागली. रोज सकाळी सातला पेपर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे. आमची ऑफिसची घाई, त्यांना ओलांडून जाता येईना. बाबा, खाली सोफ्यावर बसा ना, असं मी किती वेळा म्हटलं असेल, आणि एकदा तर चक्क चिडून. साडेसाताला पाच मिनिटं कमी असताना ते आपणहून उठून खाली यायचे.

*

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते उठलेच नाहीत. मिलिंद स्टेशनला गेला होता, मी कोट चढवत होते. साडेसात वाजून गेले तरी बाबा पायरीवर, पेपर मांडीवर, कान मॉरीनकडच्या भिंतीला.

"अनघा, तिच्या घराची चावी आहे ना आपल्यापाशी? घे. पंखा थांबला नाही."

मॉरीन टबाच्या कडेला पडलेली होती. मनगट मोडलेलं, अंग गारठलेलं, पण शुद्धीवर. बाबांनी स्वतःचं स्वेटर काढून तिच्यावर घातलं आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिचा दुसरा हात धरून खाली फरशीवर बसले. तिला मराठी येत नव्हतं, ह्यांना इंग्लिश. तरी दोघं बोलत होते.

संध्याकाळी कीथ आला. नशीब, म्हणाला, आणि आता मात्र होमशिवाय पर्याय नाही. बाबांनी मला सगळं इंग्लिशमध्ये सांगायला लावलं. सातला लाइट लागतो, सात वीसला बंद होतो, पाच मिनिटांनी पंखा थांबतो. लाइट बंद झालाच नाही तर पंखाही थांबत नाही. पंधरा मिनिटं ठेवली असती तर कळायला तेवढाच उशीर झाला असता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुह्या सासूच्या वेळी माह्या कानावर काही आलंच नाही."

हे मी भाषांतर करून सांगू शकले नाही. माझ्याच्याने झालं नाही.

कीथने विचारलं, ह्यांचा व्हिसा एप्रिलमध्ये संपतो, त्यानंतर कोण ऐकणार? बाबांनी माझ्याकडे बोट केलं. ज्या पायरीवरून मी त्यांना उठवत होते, त्या पायरीवर आता मी बसायचं!

*

मॉरीन घरीच राहिली. बाबा नागपूरला गेले. रोज सात पंचवीसला पंखा थांबला की मी त्यांच्या फोनवर एक रिंग देऊन कट करायची, असं ठरलं. एक रिंग म्हणजे थांबला. ती वाजल्याशिवाय ते दुपारी जेवायला बसत नाहीत हे मला फार उशिरा कळलं. मॉरीनला ही रिंगची भानगड मी एकदा चहा पिताना सांगितली होती.

ख्रिसमसला कीथ तिला आठवडाभर क्रॉयडनला घेऊन गेला. चला, सुट्टीत उशिरापर्यंत लोळता येईल म्हणून मी खूश. पहिल्याच सकाळी सात पंचवीसला फोन वाजला. डोळे चोळत उचलला. पलीकडे मॉरीन.

"अनघा डिअर, कीथच्या बाथरूममधला पंखा आत्ता थांबला. बाबांना रिंग दे."