फकीर चाचांचे चार ठोके

फकीर चाचांना लकवा मारला, ही बातमी आमच्या गल्लीत विमलबाईंनी आणली.

"तोंड असं वाकडं झालं वं बाई! डोये मिटलेले, मान हालून राह्यली. मी सोताच्या डोयांनं पाह्यलं, शायेच्या फाटकापाशी. आपल्याच ॲटोत मांगं बसून होते बिचारे!"

विमलबाई नुसतं सांगत नाहीत, तोंड वाकडं करून दाखवतात. त्यामुळे संध्याकाळपर्यंत तीन घरांत ठरलं की उद्यापासून पोरं त्या ॲटोत बसवायची नाहीत. एका आईनं तर लसूण घालून तापवलेलं तिळाचं तेल चाचांच्या घरी नेऊन दिलं. जमीला चाचीनं बाटली ठेवून घेतली.

"तेल चांगलं हाये, माह्या गुडघ्याले होते," ती म्हणाली. "पन त्यायले लकवा नाही झाला. त्यायले गिटार झाली."

खरी गोष्ट अशी. फकीर मोहम्मद मलकापुरात शाळेच्या पोरांचा ॲटो चालवतात. मीही पाच वर्षं त्याच ॲटोतून शाळेत गेले. सकाळी पोरं सोडली की शाळा सुटेपर्यंत चाचा मोकळे. मग ॲटो कडुलिंबाखाली लावायचा, मागच्या सीटवर बसायचं आणि मांडीवर इलेक्ट्रिक गिटार घ्यायची. ती त्यांच्या भाच्याची, जुनेदची. तो नोकरीला पुण्याला गेला आणि गिटार इथंच ठेवून गेला. चाचा तिला काडेपेटीएवढा डबा जोडतात आणि हेडफोन कानाला लावतात. बाहेर आवाज शून्य. रस्त्यावरून गिटारही दिसत नाही, दिसतं फक्त तोंड.

आणि तोंड वाकडं होतं, हे मात्र विमलबाईंचं खरं आहे.

त्याचं असं की चाचांनी चोवीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवला. बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात. बटण दाबलं, तार छेडली, सूर तयार. गिटारीवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं ते दुखऱ्या सुरांचं संगीत, वाजवायचं तर तार बोटानं ढकलून सूर चढवावा लागतो, हळूहळू, कुणीतरी रडवेलं होऊन बोलावं तसा. चाचांचं बोट ढकलतं तेव्हा गालही ढकलतो, भुवईही ढकलते.

"हे बटनाचं काम नाही ना वं," ते मला म्हणाले. "इथं सूर ओढून आना लागते. हट्टी बकरीवानी. पाय रोवून उभी राह्यते, मंग एकदम येते."

मला सगळ्यांचे आवाज काढता येतात म्हणून चाचांनी मला हाताशी धरलं. ब्लूजमध्ये आणि रॉकमध्ये चार-सहा सुरांचे लहान तुकडे असतात, त्यांना लिक म्हणतात. मोबाइलवरचा वाजवणारा इतका भराभर वाजवतो की चाचांना बोटं दिसायच्या आत तुकडा संपलेला. मग मी तो ऐकून तोंडानं सावकाश काढायची, "न्याँऽऽव, डिडी, व्वाँ," आणि चाचा माझ्या तोंडावरून तारेवर घ्यायचे. आमच्या आईनं एकदा फाटकापाशी हे पाहिलं. ती म्हणाली, "एकाचं तोंड वाकडं होतंच, आता दोघायचं झालं."

हा सगळा खटाटोप प्रेरणाताईसाठी होता. प्रेरणाताई म्हणजे कापसाचे व्यापारी किसनराव यांची मुलगी. तिचा ब्लूज आणि रॉक वाजवणारा ग्रुप आहे. ड्रम आहे, बास आहे, गिटारवाला मात्र नाशिकला निघून गेला. चाचा मला घेऊन स्वतःहून तिच्याकडे गेले आणि वाजवून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"चाचा, हात गोड आहे तुमचा," ती म्हणाली. "पण तुम्ही मधी श्वासच घेत नाही. ब्लूज कमी आन वरात जास्त वाटते." मग चाचांचा चेहरा पाहून तिनंच जोडलं, "दोन आठवड्यांनी या परत. तेव्हा काय ते ठरवू."

परत येताना रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत थांबलो, तेव्हा चाचा म्हणाले, "डीजे आला आन बँड बसला. नऊ वर्स झाले, राखी. माह्या हातचं आयकाले कोनी उभं राह्यलं नाही. हिनं नाही म्हटलं, तर मी जुनेदले म्हनतो, बेटा, ने तुही गिटार."

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही थांबणं शिकायला लागलो. ब्लूजमध्ये एक ओळ विचारायची, मग चार ठोके गप्प राहायचं, मग उत्तर द्यायचं. चाचा विचारायचे झकास. पण दोन ठोके झाले की उजवा हात आपोआप तारेवर, टिणटिणटिणटिण!

"काऊन थांबत नाही तुम्ही?"

"कसा थांबू? वरातीत बेंजो थांबला का नवरदेवाचा मामा आला समजा. 'ए बेंजोवाले, झोपला का बे?' चोवीस वर्स आयकलं हे. पानी पेतानाबी एक हात चालू ठेवला मी."

मी लगेच तो मामा काढून दाखवला. पोट पुढं, टोपी तिरपी, "झोपला का बे?" चाचा इतके हसले की हेडफोन गळ्यात आला. पण थांबणं काही जमेना. दहा दिवस गेले तरी टिणटिण होतीच. शेवटी मी म्हटलं, "चाचा, पैज. प्रेरणाताईसमोर तुम्ही चार ठोके गप्प बसूच शकत नाही."

"आन तू?"

"मी तं ऐकाले बसते. मले काय?"

"मंग दोघायची लागली. मधात जो पह्यले आवाज काढीन, तारेनं का तोंडानं, थो हरला. तू हरली तं महिनाभर माही नक्कल बंद."

चाचांची नक्कल हा माझा सगळ्यात चालणारा आयटम आहे. तरी मी हाव म्हटलं. हरायचा सवालच नव्हता.

रविवारी दुपारी किसनरावांच्या गोदामात गेलो. कापूस उचलला गेला होता. रिकाम्या गोदामात ड्रमचा एक ठोका चार ठोक्यांसारखा वाजत होता. प्रेरणाताई खुर्चीवर बसली, मी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर. यावेळी हेडफोन नव्हता, मोठा स्पीकर होता. चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिली ओळ विचारली. सूर ओढत नेला, वर नेऊन ठेवला, आणि डावा-उजवा दोन्ही हात तारांवर आडवे ठेवून दिले.

एक.

दोन. उजव्या हाताचं बोट हललं. मला वाटलं, गेले. बोट परत आडवं झालं.

तीन. ती ओळ अशी अर्धी लोंबकळत होती, आणि पुढचा सूर मला माझ्या दातांमागे येऊन उभा असलेला कळत होता. मी ओठ दाबले.

"न्याँऽऽव!"

सगळ्या गोदामात घुमला. ड्रमवाला हसून ठोका चुकला. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथा ठोका पूर्ण होऊ दिला, आणि मग माझाच न्याँव तारेवर घेऊन, वाकड्या तोंडानं, सावकाश उत्तर दिलं.

प्रेरणाताई म्हणाली, "चाचा, गुरुवारी प्रॅक्टिस आहे, सहा वाजता. हिलेही आणा. पण तोंडाले रुमाल बांधून."

चाचांनी गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि माझ्याजवळ येऊन एक बोट वर केलं. एक महिना.