पडद्यावरचं इंदापूर

माझा दाजी गेणबा, मूळचा सांगवीचा. सगळी हयात मेंढरांमागं गेली. नव्व्याण्णव साली बारामतीच्या बापूसाहेब व्यापाऱ्यानं त्याला आपला जुना मोबाईल दिला, कोकरं न्यायला टेम्पो कुठं धाडायचा ते कळावं म्हणून. पडद्यावर टॉवरच्या गावाचं नाव इंग्रजीत उमटायचं. दाजीला अक्षर येत नव्हतं, पण बारामती आणि इंदापूर ही दोन नावं त्यानं नजरेत बसवली. तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आम्ही खतासाठी शेतात मेंढरं बसवतो. वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलला की रानाच्या मालकाला पुढचा ठिकाणा सांगून जायचं, ही रीत. दाजी आता तिला हसायचा.

त्या दिवशी इंदापूरजवळ गोजरबाईच्या रानात वाडा होता. दाजीच्या छकुलीला ताप भरला. तिला तापात झटके यायचे आणि बारामतीच्या डॉक्टरचं औषध संपलेलं. माझ्या बहिणीला, कुशाताईला, पोरीपाशी वाड्यावर ठेवून आम्ही दोघं बारामतीला गेलो. परत येतो तर रानात पाटाचं पाणी सोडलेलं. ना मेंढरं, ना ताई, ना पोर.

मी म्हणालो, "गोजरबाईला इचारू."

"कशाला? ह्यात इंदापूरच दिसतंय. हितंच आसत्याल," म्हणत दाजी मोबाईल पुढं धरून चालू लागला.

ओढा झाला, ऊस झाला, दुसरं गाव लागलं. पडद्यावर इंदापूरच. ऊन कलायला आलं तसं माझं डोकं फिरलं.

"दाजी, आवो त्यो टॉवरचं गाव सांगतोय. ताई कुठं हाय ते त्याला काय ठाव?"

दाजीनं औषधाची बाटली छातीशी धरली आणि आल्या वाटेनं पळत सुटला.

गोजरबाई दारातच उभी होती. "कुठं मेला व्हता रं? कुशी दुपारीच सांगून गेलीया, नरसिंगपूरच्या वाटंला, मोहनरावाच्या पडीक रानात."

आम्ही पोचलो तेव्हा छकुलीला एक झटका येऊन गेला होता. ताईनं बाटली हिसकावून घेतली, औषध पाजलं आणि दाजीकडं पाहिलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं पोरीनं डोळे उघडले, पाणी मागितलं. दाजी लहान पोरागत रडला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. बापूसाहेब होते. "गेणबा, कुठं हायस रं?"

दाजीनं पडद्याकडं बघितलं नाही.

"पोरीपाशी," म्हणाला.