टमरेल घेऊन फिरायला

वडिलांच्या लघवीत साखर निघाली. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "रोज दोन्ही वेळा फिरा, नाहीतर गोळ्या घ्या." गोळ्यांच्या नावानंच वडील भडकले आणि फिरायला लागले.

पण सत्तरच्या दशकात आमच्या घनसावंगीत बिनकामाचं कोण चालणार? ओट्याओट्यावरून हाक यायची, "कुठं निघालात? चहा घ्या!" नको म्हटलं तर राग, बिनसाखरेचा मागितला तर त्या घराचा अपमान. वेशीपर्यंत वडिलांच्या पोटात अख्खा उसाचा फड जायचा.

मग त्यांना युक्ती सुचली. ते हातात टमरेल घेऊन निघू लागले. परसाकडं निघालेल्या माणसाला चहाला कोण बोलावतंय? लोक बघतसुद्धा नसत. वडील खुशीत लांबवर तरातरा फिरून यायचे.

आठवड्याभरात शेजारची काकू सुंठ, गूळ, तुपाचे लाडू घेऊन आली. "भाऊजींचं पोट लईच बिघडलंय म्हणं. सारखे पळून राह्यलेत. हे खाऊ घाला, बिलकुल थांबंल."

वडिलांनी दात-ओठ खात, तिच्यादेखत लाडू संपवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं ते गोळ्या आणायला जालन्याला निघाले.

गाडी खचाखच भरली होती, तरी लोकांनी उठून त्यांना दाराजवळची जागा दिली.