माझी पाटी आणि दादाचा आवाज

थापा मारण्यात आमच्या अख्ख्या तालुक्यात माझा हात कुणी धरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण आज जे सांगायलोय त्यात थापेचा एक दाणाही मिसळलेला नाही. मिसळता आला असता तर बरं झालं असतं. चहा गार होऊ द्या, ऐका.

मी नांदेडात मास्तर. शाळेत ओरडायचं, शाळेबाहेर गप्पा हाणायच्या, असं पंचवीस वर्षं चाललं. मग आवाज बसला. असा बसला, की हजेरी घेताना पोरं म्हणायची, "सर, दार करकरायलंय का?"

गेलो कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं. माणूस किल्लारीकडचा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात कंदिलावर अभ्यास करून सर्जन झालेला. त्याच्याकडं बसलात ना, तर करमणूक हो! कुणाच्या टॉन्सिल काढायच्या, कुणाच्या नाकाचं वाकडं हाड सरळ करायचं, कुणाच्या कानाचा फाटका पडदा शिवायचा. माझ्यासमोर त्यानं एका पोरीच्या नाकातून चिंचोका काढला आणि तिच्या आजीला म्हणाला, "मावशी, आठ दिवस उशीर झाला असता तर झाडच उगवलं असतं बघा."

माझ्या घशात दुर्बीण घालून म्हणाला, "स्वरतंतूवर गाठ आहे. साधी दिसते. काढून टाकू."

काढली. तपासणीत साधीच निघाली. पण खरी शिक्षा पुढं होती.

"सर, सात दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचं पण नाही, त्यानं जास्त ताण येतो."

सात दिवस! मी!

गावाकडं कुणाला कळवलं नाही. बडबड्याचा घसा कापला म्हटल्यावर सगळं गाव हसलं असतं. शेजारचे मात्र येणारच. मग मला काय अवदसा आठवली बघा. पुठ्ठ्याची पाटी केली, सुतळीनं गळ्यात अडकवली. त्यावर ठळक अक्षरात: 'मी बोलणार नाही. कारण विचारू नये.' माझ्या बायकोनं, सुमननं, कपाळावर हात मारला. मला मात्र आपल्या विनोदाचं लई कौतुक.

तिसऱ्या दिवशी सुमन बाजारात गेली आणि दार वाजलं. उघडलं तर समोर दादा. माझा थोरला भाऊ!

आता हे तुम्हाला कळायचं नाही, कारण आमचा चार वर्षं अबोला होता हे मी कधी सांगितलं नाही. चूक माझीच. पुतणीच्या साखरपुड्यात नव्या व्याह्यांना हसवायला मी गोष्ट सांगितली, की दादाची म्हैस चोरीला गेली आणि दादानं कंधारच्या बाजारातून घासाघीस करून तीच म्हैस विकत आणली. बारा आणे थाप. व्याही खुर्चीवरून पडेस्तोवर हसले. दादा उठून गेला. तेव्हापासून बंद. आमच्याकडं राग आला की भांडी फुटत नाहीत, तोंड बंद होतं.

दादा आत आला. आवाज घोगरा, पार बसलेला. मला वाटलं, सर्दी.

"मीच आलो बघ," तो म्हणाला. "म्हैस गेली खड्ड्यात. चार वर्षं लई झाली. बोलू की आता."

आणि मी? मी पाटीकडं बोट दाखवलं!

त्यानं खिशातून चष्मा काढला. एकेक अक्षर लावून वाचलं. "ही माझ्यासाठी केलीस?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही! ऑपरेशन झालं हे सांगायला दोन बोटांची कात्री करून गळ्यावरून फिरवली.

"गळा कापतोस माझा?"

आता आली का पंचाईत? मग डॉक्टरनं दुर्बीण कुठून घातली ते दाखवावं म्हणून मी आ वासला आणि जीभ हातभर बाहेर काढली.

"थोरल्या भावाला जीभ दाखवायलास? हाव, दाखव, दाखव!"

लिहून दाखवायला पेन शोधलं. मास्तरच्या घरात अकरा पेनं, एकही चालंना. तेवढ्यात दादा रिक्षात बसून गेला. मी चपला न घालता कोपऱ्यापर्यंत पळालो, गळ्यात ती पाटी. लोक बाजूला होऊन वाचायलेत!

घरी येऊन, अक्कल बघा माझी, फोन लावला. दादाचा साधा फोन, त्यावरचा मेसेज उघडता येत नाही त्याला.

"हॅलो," दादा म्हणाला. मी काय बोलणार? "हॅलो? कामून फोन लावलास मग? नुसता श्वास ऐकवायला?"

ठेवला. सुमन आल्यावर तिनं दहादा लावला. बंद.

सकाळी वहिनींचा फोन आला. सुमननं स्पीकरवर टाकला. "भावजी न्हाई आले तर न्हाई आले. पण ह्येंचं आज ऑपरेशन हाय. घशात कॅन्सर निघालाय. आवाजाची पेटीच काढणार हायत. काल तेच सांगायला आलते. म्हणले, आवाज हाय तोवर धाकट्याशी बोलून येतो."

एरवीच्या किश्श्यात अशा जागी मी मुद्दाम थांबतो. आजही थांबू द्या जरा.

दवाखाना तोच, डॉक्टर तोच. दादा हिरव्या गाऊनमध्ये स्ट्रेचरवर. वहिनी पायाशी उभ्या. सुमननं धापा टाकत सगळं सांगितलं: गाठ, दुर्बीण, कात्री, जीभ. दादा ऐकत राहिला आणि हसायला लागला. हसता हसता खोकला.

"म्हंजे गळा तुझाच कापलाय व्हय!" मग माझा हात धरला. "चार वर्षं तुझा आवाज ऐकला न्हाई रे. आज बोल. उद्यापासून माझं बंद."

मी डॉक्टरकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली, मग म्हणाला, "एक वाक्य, सर. साध्या आवाजात. एकच."

एक वाक्य! ज्यानं पंचवीस वर्षं लाख वाक्यं फुकट उधळली त्याला एक! माफी मागू? म्हशीची गोष्ट खोटी होती म्हणू? बाबा गेल्यावर तूच मला शिकवलंस म्हणू? सगळं एकदम घशाशी आलं, वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकलला, आणि माझ्या तोंडून निघालं,

"दादा, जेवलास का?"

दादानं मान वळवून बघितलं. "कालपासून उपाशी ठिवलंय की रे मला, येड्या!"

ऑपरेशन थिएटरचं दार लागलं.

ऑपरेशन चांगलं झालं. दादा गावी आहे, गळ्यातल्या भोकातून श्वास घेतो, शेतात चक्कर मारतो. मी दर रविवारी जातो, दोन-दोन तास बोलतो, तो खुणेनं पुरे म्हणेपर्यंत.

गावातले लोक विचारतात, "दादा शेवटचं काय बोलले हो तुम्हाला?" एवढा मी थापाड्या, एका दमात शंभर भारी वाक्यं रचीन, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी. पण तेव्हा वहिनी पायाशी उभ्या होत्या ना! त्या लगेच म्हणतात, "भावजी, खरं सांगा."